आधी सीट खाली घ्या

सायकलचा विषय निघाला की आपण लगेच हिशेब मांडायला बसतो. इंधन वाचतं, धूर होत नाही, हृदय तंदुरुस्त राहतं, वजन उतरतं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी स्वतः कित्येक वर्षं हेच हिशेब भेटेल त्याला ऐकवत होते, आणि त्या सगळ्या वर्षांत माझ्या बोलण्यामुळे एक जरी माणूस सायकलवर बसला असेल तर शपथ. लोक मान डोलवायचे, "तुझं बरं आहे गं, तुला जमतं," म्हणायचे आणि गाडीला किल्ली लावायचे. तेव्हा मला वाटायचं, लोकांना कष्ट नकोत. आता वाटतं, माझं सांगणंच चुकत होतं.

माणूस हिशेब पटला म्हणून सायकलवर बसत नाही. मजा आली म्हणून बसतो आणि सोय झाली म्हणून टिकतो. ही मजा त्याच्यापर्यंत पोचायला पहिल्या दिवशी कुणाची तरी सोबत लागते, आणि ही सोय टिकायला जीव मुठीत न धरता जाता येईल असा रस्ता लागतो. सोबत तुम्ही-मी उद्याच्या उद्या करू शकतो. रस्ता मात्र सगळ्यांनी मिळून मागून घ्यावा लागतो. आपण सायकलप्रेमी या दोन्ही कामांत कमी पडलो आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी मजेबद्दल, कारण तिच्याविषयी बोलायला आपल्याला उगाच संकोच वाटतो. मोठ्या माणसाने "मला मजा येते म्हणून मी सायकल चालवते" असं म्हणणं पोरकट ठरेल की काय, या भीतीने आपण लगेच आरोग्याचं नाव पुढे करतो. माझ्या रोजच्या वाटेवर एक लांब, हलका उतार आहे. तिथे मी पायडल मारणं थांबवते. मागच्या चाकातून टिकटिक सुरू होते, शर्टाच्या बाह्यांत वारा भरतो आणि पुढची दोनेक मिनिटं काहीही न करता मी पुढे जात राहते. कुठे फोडणी पडली ते नाकाला कळतं, कुठल्या झाडावर पक्ष्यांची भांडणं चालली आहेत ते ऐकू येतं, ओळखीचं कुणी दिसलं तर पाय टेकून दोन शब्द बोलता येतात. ताशी १५ किलोमीटर हा फार गुणी वेग आहे. चालण्याच्या तिप्पट, म्हणजे कामाला उशीर होत नाही, आणि तरीही रस्त्यावरची माणसं चेहऱ्यानिशी दिसतात. बंद काचेच्या गाडीत बसून मी याच रस्त्याने अनेकदा गेले आहे. तो उतार आहे हे मला गाडीतून कधी कळलंच नव्हतं.

या मजेच्या पाठीशी पक्कं यंत्रशास्त्र आहे. चालताना आपण प्रत्येक पावलाला सगळं शरीर किंचित वर उचलतो आणि खाली आणतो. उभं राहण्यातही स्नायू खर्ची पडतात. सायकल आपलं वजन स्वतःवर घेते आणि पायांना फक्त पुढे ढकलण्याचं काम उरतं. म्हणून चालायला जेवढे श्रम पडतात तेवढ्याच श्रमात सपाट रस्त्यावर सायकल साधारण तिप्पट अंतर नेते. साफ केलेली, तेल दिलेली चेन पायाच्या जोरातला पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त भाग मागच्या चाकापर्यंत पोचवते. अंगच्या बळावर एवढं कमी खर्चून एवढं लांब नेणारं दुसरं वाहन माणसाला अजून सापडलेलं नाही.

आता काकूंची गोष्ट. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, वय बावन्न. वाचनालयात आठवड्यातून दोनदा जातात. अंतर दीड किलोमीटर. चालत गेलं तर गुडघा कुरकुर करतो, गाडी चालवायला त्या शिकल्या नाहीत, त्यामुळे घरात कुणी मोकळं असेल त्याची वाट बघत बसणं आलं. लेकाची जुनी सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. एका दुपारी मी तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "काकू, हिच्यावरून जाऊया की."

"अगं, मी शाळेत असताना चालवली होती. आता पडले तर?"

"मी आहे ना बरोबर."

त्या दिवशी आम्ही वाचनालयात गेलो नाही. सायकलच नीट केली. दोन्ही चाकांतली हवा पार उतरली होती. पंप मारून टायर अंगठ्याने दाबून बघितलं. बोट आत जाईना, तेव्हा थांबलो. पुढची ट्यूब मात्र दहा मिनिटांत पुन्हा मऊ पडली. ती काढून, थोडी हवा भरून पाण्याच्या टबात बुडवली आणि हळूहळू फिरवत नेली, तेव्हा व्हॉल्व्हच्या जवळून एक बारीकशी बुडबुड्यांची रेघ वर आली. काकूंनीच पहिल्यांदा बघितली. "ही बघ, ही बघ!" पंक्चर काढायला आलेल्या त्या उत्साहानेच मला कळलं की हे जमणार. चेन गंजून लालसर झाली होती. फडक्याने पुसून एकेका कडीवर एकेक थेंब तेल सोडलं, पायडल उलटं फिरवलं आणि वरचं जास्तीचं तेल पुन्हा पुसून काढलं, कारण वर राहिलेलं तेल धूळ धरतं. ब्रेकचे रबर झिजून धातूला लागले होते, ते दुकानातून बदलून आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रहदारी सुरू व्हायच्या आत, मोकळ्या पटांगणावर गेलो. काकू सीटवर बसल्या आणि दोन्ही पाय लोंबकळायला लागले. चेहरा पडला. मी पाना काढला आणि सीट इतकी खाली घेतली की दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले. एवढ्या एका गोष्टीने त्यांचे खांदे सैल झाले. मग पायडल मारायचंच नाही असं ठरवलं. बसल्या बसल्या पायांनी जमीन मागे ढकलत, दोन पावलं, चार पावलं, मग जरा लांब. तोल सुटतोय वाटलं की पाय टेकायचे. पंधरा मिनिटांत त्या पाय वर उचलून चार-पाच हात सरकायला लागल्या. विसाव्या मिनिटाला मी न सांगताच त्यांचा पाय पायडलवर गेला.

गंमत अशी की सायकलचा जन्मही नेमका असाच झाला आहे. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइमला कार्ल फॉन द्राइस यांनी जे दोनचाकी यंत्र रस्त्यावर आणलं त्याला पायडल नव्हतंच. लोक जमिनीला पाय मारत पुढे जायचे. तोल साधता येतो हे माणसाला आधी कळलं, पायडल काही दशकांनी आलं. शिकवताना आपण हा क्रम उलटा करतो. उंच सीटवर बसवतो, पायडल मारायला लावतो आणि मागून धरून पळत सुटतो. घाबरलेल्या मोठ्या माणसाला त्यात काहीच हाताशी लागत नाही. नव्याने सुरू करणाऱ्याला आधी सीट खाली घेऊन द्या, मग बाकीचं बोला. एक मात्र लक्षात ठेवा, खाली घेतलेली सीट कायमची तशी ठेवायची नाही. गुडघा फार वाकतो आणि आठवड्याभरात दुखायला लागतो. भीती गेली की रोज बोटभर वर चढवत न्यायची. पायडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ, गुडघ्यात थोडीशी घडी, एवढी उंची आली की झालं.

काकूंनी पुढे जे केलं त्यातून मला सगळ्यात मोठा धडा मिळाला. त्यांनी व्यायामाचा बेत आखला नाही, पन्नास किलोमीटरचं स्वप्नही रंगवलं नाही. वाचनालयात गेल्या आणि पुस्तक बदलून आल्या. मग भाजी, मग टपाल, मग बहिणीकडे. दीड, दोन, तीन किलोमीटर. सायकलचं खरं राज्य या अंतरात आहे, आणि आपल्या बहुतेकांच्या दिवसातल्या बऱ्याच फेऱ्या याच टप्प्यात संपतात. आपण मात्र सायकल म्हटली की शंभर किलोमीटरच्या मोहिमांचे फोटो दाखवतो, चकचकीत हेल्मेट आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे दाखवतो. मोहिमा करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण साडी किंवा साधी पँट घालून, कॅरिअरला पिशवी लावून, दोन किलोमीटरवर जाणाऱ्या बाईला ते फोटो बघून वाटतं, हे आपलं काम नाही. सुरुवात करणाऱ्याला लागतं काय? चालू असलेली कुठलीही सायकल, चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर, घंटी, रात्रीसाठी पुढे-मागे दिवा आणि एक कुलूप. घड्याळात मोजणारं, छातीला बांधायचं, मोबाइलवर आलेख काढणारं काही नको.

आणि सावकाश. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण "घाम येतो" ही तक्रार जवळजवळ नेहमी वेगातून येते. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मोठा शत्रू म्हणजे समोरची हवा. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद आठपट. उलट बाजूने वाचा: ताशी ३० ऐवजी १५ ने गेलात तर हवेशी झगडायला आठवा हिस्सा ताकद पुरते. दोन किलोमीटरला वेळ लागतो आठ मिनिटं. घाईने गेलात तर चार. चार मिनिटं वाचवण्यासाठी घामाघूम होऊन कचेरीत पोचायचं आणि मग सायकल जमत नाही म्हणायचं, यात सायकलचा काय दोष? चढावर गिअर हलका करा, गिअर नसेल तर उतरून हातात धरून चाला. उतरण्यात काही कमीपणा नाही.

आरोग्याचं बोलणं मी टाकून दिलेलं नाही, फक्त त्याची जागा बदलली आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. कामाची जागा सायकलने पंधरा मिनिटांवर असेल तर जाऊन-येऊन आठवड्याच्या पाच दिवसांत ही १५० मिनिटं भरतात, वेगळा वेळ न काढता. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये अभ्यासाच्या काळात मृत्यूचा धोका गाडीने किंवा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांच्या तुलनेत ४१ टक्के कमी दिसला. अशा अभ्यासांत मुळात धडधाकट असलेली माणसंच सायकल जास्त चालवत असण्याची शक्यता उरते, संशोधकांनी ती जमेल तेवढी वजा केलेली असते. तरी दिशा स्वच्छ आहे. पण काकूंना हा आकडा मी पहिल्या दिवशी सांगितला असता तर त्या "हो का?" म्हणून घरात गेल्या असत्या. सहा महिने चालवल्यावर सांगितला तेव्हा त्या खूश झाल्या. आकड्याने त्यांना सायकलवर बसवलं नाही, बसल्याचा आनंद वाढवला.

बाईने सायकल चालवण्यात आणखी एक गोष्ट आहे, तिचं मोल पैशात किंवा कॅलरीत होत नाही. काकूंना आता कुणाची वाट बघावी लागत नाही. निघावंसं वाटलं की निघतात. १८९६ मध्ये अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचलेल्या सुझन अँथनी यांनी एका मुलाखतीत म्हटलं होतं की, स्त्रियांना मोकळं करण्याच्या कामी सायकलने जगातल्या दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त हातभार लावला आहे. त्याच्या दहाएक वर्षं आधी, १८८५ मध्ये, जॉन केम्प स्टार्ली यांची दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी सायकल आली होती. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलींवर लांब झगा घालून चढण्याची सोयच नव्हती. १८८८ मध्ये जॉन डनलॉप यांनी बेलफास्टला आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची टायर बसवली आणि मग सायकलवर बसणं अंगाला सुसह्य झालं. सीटची उंची, टायरमधली हवा: साध्या दिसणाऱ्या याच गोष्टींनी सायकल मूठभर धाडसी तरुणांच्या हातून सगळ्यांच्या हातात आणली. आज तेच काम रस्त्याच्या बाबतीत करायचं आहे.

कारण सोबतीने माणूस सायकलवर बसतो, पण रस्ता त्याला उतरवतो. वाचनालयाच्या अलीकडे एक चौक आहे. चारी बाजूंनी गाड्या वेगात येतात, वळणाऱ्याला थांबवणारं काही नाही. काकू तिथे दर वेळी उतरतात, कडेला उभ्या राहतात, कुणा माणसाला थांबावंसं वाटलं तर ओलांडतात. पहिल्या पावसाळ्यात एका मोटारीने त्यांना इतकं चिकटून मागे टाकलं की हॅण्डल डगमगलं आणि त्या गटाराच्या कडेला कलंडल्या. कोपर सोललं, एवढ्यावर निभावलं. त्यानंतर तीन आठवडे सायकल पुन्हा जिन्याखाली गेली. मी समजवायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझं म्हणणं खरं आहे, पण माझी भीती पण खरीच आहे ना?"

याला उत्तर नव्हतं. सायकलवाल्यांनी लोकांच्या भीतीला "सवय होते" म्हणून उडवून लावणं थांबवलं पाहिजे. गाडीतली मारक शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ५० वेगाच्या गाडीत ताशी ३० च्या गाडीपेक्षा पावणेतीनपट ऊर्जा असते, आणि तिच्यासमोर सायकलवरचं माणसाचं शरीर उघडं असतं. हेल्मेट घाला, मीही वेगाच्या रस्त्यावर घालते. पण हेल्मेट पडल्यावर कामाला येतं. पडू न देणं हे रस्त्याचं काम आहे. भीती हा इथे स्वभावाचा दोष नाही, ते परिस्थितीचं अचूक वाचन आहे. त्यामुळे ती घालवायची तर परिस्थिती बदलावी लागेल.

"तिकडच्या लोकांची संस्कृतीच वेगळी," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि ते इतिहासाला धरून नाही. नेदरलँड्सचंच घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही गाड्या आल्या, रस्ते रुंद झाले, सायकली कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. १९७२ मध्ये फिक लांगेनहॉफ या पत्रकाराने लेख लिहिला. त्याची स्वतःची लहान मुलगी रस्त्यावरच्या अपघातात गेली होती. लेखाच्या मथळ्याचा अर्थ होता, बालहत्या थांबवा. तेच पुढे चळवळीचं नाव झालं. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांना खेळता यावं म्हणून रस्ते गाड्यांना बंद केले, मंत्र्यांच्या दारात सायकली घेऊन गेले. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलाची टंचाई आली आणि सरकारने काही रविवार गाड्यांना बंदी केली. मोकळ्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन गेले, आणि रस्ता गाड्यांशिवाय कसा दिसतो हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. पुढच्या पन्नास वर्षांत वेगळे सायकलमार्ग, संथ वेगाच्या वस्त्या, सुरक्षित चौक हे सगळं टप्प्याटप्प्याने, भांडून, निवडणुका लढवून उभं राहिलं. आज तिथल्या एकूण प्रवासांतला चौथा हिस्सा सायकलवर होतो आणि रस्त्यावरचे मृत्यू वर्षाला सातशेच्या आसपास आले आहेत. ज्याला आपण संस्कृती म्हणतो ती शोक करणाऱ्या आईबापांनी मागून घेतलेली आहे.

पन्नास वर्षं थांबायची तयारी नसेल तर स्पेनमधलं सेव्हिल बघा. उन्हाळ्यात तिथला पारा चाळिशीच्या वर जातो आणि वीस वर्षांपूर्वी तिथे सायकल जवळजवळ नव्हतीच. २००६ पासून चारेक वर्षांत त्यांनी शंभराहून अधिक किलोमीटरचे सायकलमार्ग बांधले. ते गाड्यांपासून कठड्याने वेगळे केले आणि मुख्य म्हणजे एकमेकांना जोडले. सायकलवरच्या फेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. हवामान तेच होतं, माणसंही तीच. फिनलंडमधल्या औलू गावात लोक बर्फातून सायकल चालवतात, कारण नगरपालिका सायकलमार्गावरचा बर्फ वेळेत हटवते. कोलंबियातल्या बोगोता शहरात दर रविवारी शंभराहून जास्त किलोमीटरचे रस्ते काही तासांसाठी गाड्यांना बंद असतात; ही प्रथा १९७४ मध्ये थोड्या रस्त्यांवर सुरू झाली. त्यासाठी फारसं बांधकामही करावं लागलं नाही. ऊन, बर्फ ही कारणं खरी असतील तर या गावांत सायकल दिसायला नको होती.

सेव्हिलच्या कामातला "जोडले" हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा ओढून सायकलचं चित्र काढलं की त्यावर दुपारपर्यंत गाड्या उभ्या राहतात. पाचशे मीटर सुंदर मार्ग बांधायचा आणि तो नेमका चौकाच्या तोंडाशी संपवायचा, म्हणजे जिथे गरज सगळ्यात जास्त तिथे माणसाला वाऱ्यावर सोडायचं. साखळीची ताकद तिच्या कच्च्या कडीएवढी असते. सायकलच्या वाटेचंही तसंच आहे. काकूंच्या दीड किलोमीटरमध्ये तेराशे मीटर चांगले आहेत. उरलेल्या दोनशे मीटरांनी त्यांना तीन आठवडे घरी बसवलं.

म्हणूनच आपल्या मागण्या लहान आणि नेमक्या असाव्यात असं मला वाटतं. वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा, आणि ती पाळली जाईल असा रस्ता: अरुंद वळणं, उंचवटे, ओलांडताना मध्ये उभं राहायला जागा. स्पेनने २०२१ मध्ये शहरांतल्या बहुतेक रस्त्यांना, जिथे प्रत्येक दिशेला एकच मार्गिका आहे, तिथे ३० ची मर्यादा देशभर लावली. जिथे गाड्यांचा वेग कमी करता येत नाही तिथे सायकलला वेगळी, कठड्याआडची वाट. शाळा, वाचनालय, बाजार, दवाखाना यांच्या दाराशी सायकल टेकवून कुलूप घालता येईल असा साधा लोखंडी स्टँड. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहराने रेल्वे स्थानकाखाली साडेबारा हजार सायकली मावतील असा तळ बांधला. आपल्याला सुरुवातीला बारा सायकलींचा चालेल.

गाडीवाल्यांचा रस्ता आपण काढून घेतोय, असा आक्षेप येतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत पक्क्या, गुळगुळीत रस्त्यांसाठी जे आंदोलन झालं, त्यात पुढाकार सायकलस्वारांच्या संघटनेचा होता. मोटारी नंतर आल्या. रस्त्यावरचा हक्क आपण नव्याने मागत नाही. शिवाय ज्यांना गाडीशिवाय गत्यंतर नाही, लांबचं काम आहे, घरात आजारी माणूस आहे, त्यांच्यावर मी कधीच बोट रोखणार नाही. दोन किलोमीटरवाले सायकलवर आले की त्यांचाही रस्ता मोकळा होतो. ज्यांचं वय झालं आहे किंवा वाटेत खडा चढ आहे त्यांच्यासाठी विजेची मदत देणारी सायकल आहे. युरोपात तिची मोटर २५० वॅटची आणि मदत ताशी २५ पर्यंतच असते, तीही पायडल मारलं तरच. कुणी तिला फसवणूक म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. सत्तर वर्षांची बाई तिच्यावरून स्वतःच्या कामाला जात असेल तर यात फसलं कोण?

आपल्याकडूनही काही देणं लागतं. पदपथावरून सायकल दामटून म्हाताऱ्या माणसाला दचकवणारा सायकलवाला आणि काकूंना चिकटून जाणारा मोटारवाला, दोघांचं वागणं एकाच जातीचं आहे. चालणाऱ्याला पहिला मान. अंधारात दिव्याशिवाय निघायचं नाही. घंटी लांबून आणि हलकी वाजवायची.

आणि माणसं जोडत राहायचं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की, एखाद्या ठिकाणी सायकल चालवणारे दुप्पट झाले की प्रत्येकाच्या वाट्याचा अपघाताचा धोका साधारण एक तृतीयांशाने घटतो. चालकांची नजर सायकलला सरावते, हे त्याचं एक संभाव्य कारण सांगतात. म्हणजे काकू रस्त्यावर आल्याने मीही थोडी सुरक्षित झाले. ओळखीतल्या एकाला हाताला धरून पहिल्या फेरीला न्यायचं, रहदारी नसलेल्या वेळी, त्याच्याच कामाच्या ठिकाणी, आतल्या रस्त्याने. आपण मागे आणि थोडं बाहेरच्या बाजूला राहायचं, म्हणजे गाड्या आपल्याला वळसा घालून जातात. बोलत राहायचं. पोचल्यावर सल्ले द्यायचे नाहीत. परतीच्या वाटेवर तो स्वतःच बोलायला लागतो.

तीन आठवड्यांनी काकू पुन्हा निघाल्या. चौकात आजही उतरतात. त्या चौकाबद्दल आम्ही दोघींनी संबंधित कार्यालयात अर्ज दिला आहे, वाचनालयात येणाऱ्या ३४ जणांच्या सह्यांसह. तिथे एका साहेबांनी विचारलं, "पण इथून सायकली जातात तरी किती?" प्रश्न रास्त होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. येत्या शनिवारी सकाळी सात ते दहा आम्ही चौकात उभ्या राहून मोजणार आहोत: किती सायकली येतात, किती जण बसून ओलांडतात आणि किती जण उतरून ढकलत नेतात. वहीत तीन रकाने काकूंनी आखून ठेवले आहेत. चौथा त्यांनी स्वतःहून वाढवला: लांबून चौक बघून जे मागे वळतात, त्यांच्यासाठी.